नळोबा, तोंड मिटा

हेडबाई रोज संध्याकाळी फिरून आल्या की पाच वाजून अठ्ठावीस मिनिटांनी तोंडाला साबण लावत, आणि बरोबर साडेपाचला त्यांचा नळ जीव सोडत असे. आधी एक उसासा, मग घशात अडकल्यासारखी घरघर, मग काही नाही. हा योगायोग त्यांनी चार दिवस सोसला. पाचव्या दिवशी त्या तिसऱ्या मजल्यावरून फेसासकट खाली उतरल्या आणि पहिल्या मजल्यावरच्या अर्जकाकांची बेल, डोळे मिटलेले असल्यामुळे, तिसऱ्या प्रयत्नात सापडली तेव्हा दाबली.

"अर्जकाका, समोर तुम्हीच आहात ना?"

"मीच आहे."

"मग अर्ज लिहा."

अर्जकाकांना हे नाव इमारतीनं दिलं होतं आणि त्यात चेष्टा असेलच तर चिमूटभर. पाणीपुरवठा कचेरीत चौतीस वर्षं हेडक्लार्की करून ते निवृत्त झाले होते. जन्माचा दाखला हवा असो की शेजाऱ्याचं कुत्रं भुंकत असो, इमारतीतला माणूस कोऱ्या कागदासह त्यांच्या दारात उभा राही. 'सविनय'पासून सुरू होऊन 'सबब'मार्गे 'आपला कृपाभिलाषी'पर्यंत ते असा मजकूर उतरवत की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. अडचण इतकीच, की वाचणारा तिथवर पोचतच नसे. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो मसुदे लिहिले. त्यातला एकही कोणी शेवटपर्यंत वाचला नव्हता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कारण एकदा त्यांनी एका टिपणीच्या शेवटच्या ओळीत 'साहेबांचा शर्ट उलटा आहे' असं लिहून पाहिलं होतं. टिपणी मंजूर होऊन आली. साहेब दिवसभर तसेच फिरले.

हे शल्य ते कोणाला सांगत नसत. काकूंना माहीत होतं, पण काकू त्यांचं बोलणंसुद्धा शेवटपर्यंत ऐकत नसत, तेव्हा त्या प्रकरणात त्याही आरोपीच होत्या.

अर्ज लिहायचा तर आधी चौकशी हवी. दुसऱ्या दिवशी सव्वापाचला काका गच्चीवर गेले. टाकी काठोकाठ भरलेली. साडेपाचला जिन्यानं खाली येऊ लागले, तर प्रत्येक दाराआडून एकाच गाण्याचा सूर आणि एकाच वेळी पाणी पडल्याचा आवाज. त्या इमारतीत सहा वर्षांखालची सतरा मुलं होती. सतरा मुलं सतरा स्टुलांवर चढून सतरा बेसिनांसमोर नळ पूर्ण सोडून उभी होती. अठरावा आवाज काकांच्याच घरातून येत होता, पण सतरावं मूल त्यांच्याच घरचं असल्यामुळे त्यांनी तो वेगळा धरला नाही. आवाज दोन का आले, याचा उलगडा स्वयंपाकघरात झाला. काकूही नळ सोडून हात चोळत होत्या.

"तुम्ही कशाला?"

"चिमीला एकटीला कंटाळा येतो," काकू म्हणाल्या. "आणि चाल बरी आहे."

चिमी म्हणजे नात, वय सव्वाचार. तिचे आईबाप कामावरून सात वाजता येत. तोवर तिच्यावर कायद्यानं आजी-आजोबांचा आणि प्रत्यक्षात उंटरावांचा ताबा असे. उंटराव हा टीव्हीवरचा एक कापडी उंट. पापण्या लांब, खालचा ओठ लोंबता, आवाज घोगरा. 'उंटराव आणि मंडळी' या कार्यक्रमात तो गाण्यांतून अंक, रंग, उजवं-डावं आणि शिंकताना तोंडावर काय धरावं ते शिकवी. साडेपाचला हात धुण्याचं गाणं. गाणं संपेपर्यंत हात धुवायचे, असा नियम. गाणं दोन मिनिटांचं होतं, कारण उंटराव प्रत्येक बोटाची वेगवेगळी विचारपूस करत. खालचे सतरा नळ दोन मिनिटं सुटले की तिसऱ्या मजल्यावर पाणी कशाला थांबेल? हेडबाईंच्या डोळ्यांतल्या साबणाचा उगम असा थेट टीव्हीतल्या एका कापडी उंटापर्यंत पोचत होता.

काकांनी चिमीला समजावलं, की हात चोळताना नळ बंद ठेवावा.

"उंटरावांनी नाही सांगितलं," चिमी म्हणाली.

"मी सांगतोय ना."

चिमीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग टीव्हीकडे पाहिलं. तुलना अर्ध्या क्षणात आटोपली.

त्यांनी अर्ज लिहिला. वाहिनीच्या बालविभागाला उद्देशून, सात परिच्छेद, सोबत मजलानिहाय तक्ता. बारा दिवसांनी उत्तर आलं. लिफाफ्यात उंटरावांचं चित्र होतं, रंगवायला रिकामं सोडलेलं, आणि खाली छापलं होतं: 'प्रिय बालमित्रा, तुझं पत्र मिळालं. तू खूप छान लिहितोस. असाच शहाण्यासारखा वाग.'

इमारतीत बातमी पसरायला जिना पुरला. तळमजल्यावरचे शिंपीदादा मुद्दाम वर येऊन चित्र पाहून गेले. "काका, पाय तपकिरी करा," ते म्हणाले. "आणि रेषेच्या बाहेर जाऊ नका."

दुसऱ्या अर्जात काकांनी सहीखाली 'वय वर्षे त्रेसष्ट' असं लिहून दोनदा अधोरेखित केलं. उत्तर आलं, की या विभागात फक्त तीन ते सहा वयोगटाची पत्रं विचारात घेतली जातात, तरी आपण योग्य त्या विभागाकडे जावं. योग्य तो विभाग कोणता, हे अर्थातच लिहिलं नव्हतं. असं वाक्य काकांनी स्वतः हजार वेळा लोकांना पाठवलं होतं. ते वाचताना कसं वाटतं हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"चिमीच्या नावानं पाठवा," हेडबाई म्हणाल्या. आता त्या रोज बादली भरून ठेवत, पण तत्त्वाचा प्रश्न होता.

"खोटं लिहू?"

"खोटं कशाला? मजकूर तुमचा, हात तिचा."

त्याप्रमाणे चिमीचा तळहात निळ्या रंगात बुडवून तिसऱ्या अर्जावर उमटवण्यात आला. दुसरा ठसा सोफ्यावर उमटला, तिसरा काकांच्या पाठीवर, आणि तो शर्ट घालून ते बाजारात जाऊन आल्यावर लोकांनी तो त्यांना दाखवला. या अर्जाला मात्र आठवड्यात उत्तर आलं. वाचून नव्हे. निळा पंजा पाहून. बालविभागानं चिमीची 'नजर चाचणी'साठी निवड केली होती. पालकानं सोबत यावं.

नजर चाचणी हा त्या वाहिनीचा कणा होता. एका खोलीत सहा मुलं बसवायची. समोर टीव्हीवर नवीन गाणं लावायचं आणि बाजूच्या भिंतीवर भलतीच चित्रं फिरवत ठेवायची. कधी मांजर, कधी फुगा, कधी पावाचा तुकडा. काचेआड एक मुलगी कागद घेऊन बसे आणि दर सहा सेकंदांनी कोणत्या मुलाची नजर कुठे आहे याच्या खुणा करी. मुलं गाण्याकडे बघत राहिली तर गाणं पास. मांजराकडे वळली तर गाणं बाद, मग ते कोणीही लिहिलेलं असो. काका काचेआड उभे राहून हे पाहत होते आणि त्यांच्या अंगावर काटा येत होता. शेवटपर्यंत बघतात की नाही, हे मोजणारं खातं या जगात होतं, आणि त्यांनी आयुष्य भलत्याच खात्यात घालवलं होतं.

निर्मातीबाई नम्र होत्या आणि एका वेळी तीन माणसांशी बोलत होत्या. त्यांच्या शेजारी एक किडकिडीत गृहस्थ चहा पीत होते. कप त्यांच्या डाव्या हातात होता. उजवा हात उंटराव होता.

"गाणं लहान करता येणार नाही," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलंय. जंतू मरायला वेळ लागतो."

"जंतू मरू देत," काका म्हणाले. "नळ बंद ठेवून मरू देत."

"मुद्दा बरोबर आहे," उंटराव म्हणाले. किडकिडीत गृहस्थांचे ओठ कपाला होते.

काका उंटाकडे वळले. "आपण तरी लक्ष घाला. आपला शब्द मुलं मोडत नाहीत." बोलून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण एका मोज्याला 'आपण' म्हणालो. पण शब्द गेला होता.

"तुम्हीच का नाही एक कडवं लिहीत?" उंटराव म्हणाले. "पाण्यातले जाणकार आहात."

बाईंनी मान हलवली. कडवं लिहा, चाल आम्ही लावू, नजर चाचणीत टिकलं तर घेऊ.

काका घरी आले ते जमिनीपासून चार बोटं वर. संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाला कळलं होतं, की काकांचं कडवं टीव्हीवर येणार. 'टिकलं तर' हे दोन शब्द जिन्यात कुठेतरी सांडले. सल्ले मात्र एकही न सांडता वर पोचले. हेडबाईंचं मत, कडव्यात एक तरी सुविचार हवा. शिंपीदादा म्हणाले, दोन बोटं जास्त ठेवा, नंतर आत घेता येतं. इमारतीचा प्लंबर कोणाचा तरी नळ बदलायला आला होता. त्यानं पान्हा काखेत धरून सांगितलं, "काका, हळू बंद करायला सांगा. पोरं पिळतात. वायसर जातो." सगळ्यांत उपयोगाचा सल्ला तोच होता, म्हणून तो कोणी ऐकला नाही.

तीन दिवस आणि अकरा कागद खर्चून कडवं तयार झालं.

हस्तप्रक्षालन चालू असता
नळ असावा बंद तत्त्वता,
अन्यथा घडे जी अपव्ययता
तीस जबाबदार वापरकर्ता.

काकूंना वाचून दाखवलं. दुसऱ्या ओळीवर त्या दूध बघायला उठल्या. त्या दिवशी दूध आलंच नव्हतं.

नजर चाचणीत उंटरावांनी ते कडवं जीव ओतून म्हटलं. सहाव्या सेकंदाला तीन मुलं मांजराकडे वळली. बाराव्याला आणखी दोन. सहावी चिमी. ती मांजराकडेही पाहत नव्हती आणि टीव्हीकडेही. ती छताच्या पंख्याकडे पाहत होती, आणि पंखा बंद होता. खुणा करणाऱ्या मुलीनं कागद फिरवून फिरवून पाहिला. बंद पंख्यापुढे हरलेलं हे वाहिनीच्या इतिहासातलं पहिलंच गाणं होतं.

"होतं असं," किडकिडीत गृहस्थ उंट काढून म्हणाले. उंटाशिवाय त्यांचा आवाज बारीक होता, म्हणून की काय, काकांना तो जास्त लागला. घरी परतताना चिमीनं त्यांचं बोट धरून विचारलं, "आजोबा, ते उंटराव कोणाला रागवत होते?"

यावर एखाद्यानं कागद फाडून टाकले असते. पण काका कचेरीतले होते, तिथे नामंजूर हा शेवट नसतो, तो जावक क्रमांक असतो. त्यांनी आठवडाभर चिमीवर पाळत ठेवली. मूल शेवटपर्यंत काय बघतं? त्यांना दिसलं ते असं: चिमी दिव्याचं बटण चालू करी, बंद करी, चालू करी, बंद करी. दार उघडी, लावी. डबा उघडी, मिटी. त्यात तिची नजर एकदाही हलत नसे. बारा वेळा दिवा लागून विझला तरी तेराव्यांदा तोच आनंद. काकूंनी ओरडून थांबवेपर्यंत हे चाले.

काकांनी अकराही कागद बाजूला सारले आणि बाराव्यावर लिहिलं:

नळोबा, नळोबा, तोंड उघडा — सुर्र.
नळोबा, नळोबा, तोंड मिटा — चूप.

'चूप' म्हणताना उंटरावांनी ओठ असा मिटला, की काचेआडच्या मुलीनं पेन खाली ठेवलं. भिंतीवरून मांजर गेलं, फुगा गेला, पाव गेला. सहा मुलांच्या सहा नजरा जागच्या हलल्या नाहीत. चाल बसवणारे म्हणाले, हे तीनदा घेतल्याशिवाय जागेवर येत नाही. काकांना आनंदच झाला. त्यांनी तिथल्या तिथे तक्ता केला: एका गाण्यात नळ तीनदा बंद, म्हणजे बचत तिप्पट. तीनदा बंद होण्यासाठी नळ तीनदा उघडावा लागेल, हा रकाना तक्त्यात नव्हता. कचेरीतही तो कधी नसे. खोलीभर माणसं होती, त्यांतल्या कोणाच्याही ध्यानात ते आलं नाही. सगळे त्या मिटलेल्या ओठाकडे बघत होते.

गाणं आलं. शेवटी नावांच्या यादीत काकांचं नाव आणि पुढे 'जलविषयक सल्लागार' असं पाऊण सेकंद दिसलं. काकूंनी ते शेवटपर्यंत पाहिलं.

पहिल्याच आठवड्यात गाणं शहरभर लागलं. पूर्वी मुलं साडेपाचला एकदा नळ सोडत. आता सोडत, पिळत, सोडत, पिळत, सोडत, पिळत, आणि गाणं संपलं की आईला म्हणत, पुन्हा. जी मुलं आधी हात धुवायला उठत नसत ती आता स्टूल घेऊन रांगेत असत. सुट्टीच्या दिवशी सकाळचा वेगळा कार्यक्रम होऊ लागला. शहराच्या मोठ्या बागेतलं कारंजं साडेपाच वाजून एक मिनिटानं तीनदा कमरेत वाकू लागलं. ते बघायला लोक बाकं धरून बसत, आणि दोन प्रवासी तर त्याला परत नमस्कार करून गेले म्हणतात. केस कापणाऱ्याच्या दुकानात साडेपाचचं गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन खुर्चीत थांबे. तिसरं 'चूप' होऊन नळाला पाणी आलं की दुकानदार वस्तरा उचली. प्लंबर दिसेल तिथे काकांना वाकून रामराम करी. त्याच्या सायकलच्या दांडीला वायसरांच्या माळा लटकत असत.

तिसऱ्या मजल्यावर तर दिवसभरच दुष्काळ पडला, कारण सतरा मुलं सरावाला कुठलीही वेळ धरत. हेडबाई खाली आल्या. या खेपेला फेस नव्हता. फेसालाही पाणी लागतं.

"अर्जकाका, अर्ज लिहा."

"कोणाविरुद्ध?"

"तुमच्या गाण्याविरुद्ध."

काकांनी आयुष्यात कोणाला अर्ज नाकारला नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, टेबलाशी बसले आणि लिहिलं. 'सविनय'पासून सुरू केलं. पहिल्या अर्जाला सात परिच्छेद होते, याला नऊ. गाण्यामुळे पाणी कसं वाया जातं, रचनाकाराची चूक नेमकी कुठे झाली, उघडण्याचा रकाना कसा राहिला, सगळं तक्त्यानिशी. 'सबब सदर गीत तातडीने बंद करण्यात यावे' इथे पेन जरा अडखळलं. पण लिहिलं. हेडबाईंनी सही केली आणि तो स्वतःच्या हातांनी पेटीत टाकला.

त्यानंतरचे पंधरा दिवस काका पोस्टमनची वाट पाहत होते. चिमी नळावर उभी राहून ओरडे, "आजोबा, तुमचं लागलं." उंटरावांचं नव्हे, तुमचं. काका तिच्याशेजारी उभे राहत, तीनदा सुर्र होईपर्यंत बेसिनाकडे आणि तीनदा चूप होईपर्यंत तिच्याकडे बघत.

सोळाव्या दिवशी वाहिनीचा जाड लिफाफा आला. आत तोच अर्ज होता. वर निर्मातीबाईंची चिठ्ठी: 'सोबतची तक्रार पाण्यासंबंधी असल्याने आमच्या जलविषयक सल्लागारांकडे अभिप्रायासाठी पाठवत आहोत. त्यांचे मत अंतिम राहील.'

काकांनी दार लावून घेतलं आणि अर्ज वाचायला घेतला. पहिला परिच्छेद, दुसरा, तिसरा. चांगला लिहिला होता. पाचव्यापाशी ते अर्जदाराच्या बाजूला झुकले. सातव्यात रचनाकाराबद्दल त्यांचं मत वाईट झालं. नवव्या परिच्छेदाच्या शेवटच्या शब्दापर्यंत त्यांनी एकही ओळ गाळली नाही. त्यांचा अर्ज शेवटपर्यंत वाचणारा माणूस अखेर सापडला होता. अर्ज बिनतोड होता. मान्य करण्यावाचून कोणाही प्रामाणिक माणसाला गत्यंतर नव्हतं.

घड्याळात साडेपाच वाजले. आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग इमारतीतून इतर सोळा स्टुलांचा.

"आजोबा," चिमीनं हाक मारली. "चला ना. मी थांबवलंय नळोबाला."

काकांनी चौतीस वर्षांचा हात सैल सोडला. चिठ्ठीच्या समासात लिहिलं: 'पाहिले. दप्तरी दाखल.' खाली सही केली, तारीख घातली, आणि आत जाऊन हात धुतले.

मग दोन बादल्या भरून घेतल्या. पहिला मजला ते तिसरा मजला, अठ्ठेचाळीस पायऱ्या. त्या दिवसापासून हा त्यांचा नेमच झाला. हेडबाईंनी दार उघडलं, बादल्या आत ओढल्या आणि विचारलं, "आपल्या अर्जाचं काही कळलं?"

"विचाराधीन आहे," काका म्हणाले.

"म्हणजे कोणी वाचला नसणार."

"वाचला," काका म्हणाले. "शेवटपर्यंत."

दार लागलं. काका रिकाम्या हातांनी दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. हेडबाईंच्या न्हाणीघरातून बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज आला, आणि त्यामागून, दार नीट लागलं आहे अशा समजुतीनं, एक शिस्तीतला बारीक आवाज: नळोबा, नळोबा, तोंड उघडा. त्या नळाला पाणी नव्हतं. तरी त्यांनी तो सोडला आणि पिळला, सोडला आणि पिळला.

तिसरं चूप होईपर्यंत काका पायरीवरून हलले नाहीत.